इलॅस्टिक

तुला माती दिली त्या वसंतात
गिझेला कुंपणावरून सांगत होती:
मातीत जीव आहे का, बघायचं असेल
तर पांढरी सुती चड्डी पुरायची, वीतभर खोल.
दोन महिने विसरायचं. मग उकरायचं.
जितकी खाल्लेली, तितकी माती जिवंत.

म्हटलं, चड्ड्यांना काय तोटा, आलॉयझी,
कपाटाचा खालचा खण तुझाच आहे अजून,
एकावर एक, इस्त्रीच्या घड्या.
हो, इस्त्रीच्या.
एकतीस वर्षं बितॉमच्या खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या
निदान आतल्या कपड्याला तरी
कोळसा माहीत नसावा, असं मला वाटायचं.

जूनमध्ये पुरली, गूजबेरीच्या झुडपापाशी.
खुणेची काडी रोवली,
कुणी बघत नाही ना, ते बघून घेतलं.
तुझ्या वेळी बँड होता, पिसांच्या टोप्या होत्या.

ऑगस्टमध्ये काढली तर जशीच्या तशी.
धुतली, वाळत घातली.
तुला घालता आली असती.

मग भांडले तुझ्याशी, मोठ्यानं, भर परसात.
सातशे मीटर खालचं सगळं ठाऊक होतं तुला,
कुठला थर कधी कुरकुरतो,
कुठल्या टेकूला घाम फुटतो.
आणि वरची वीतभर?
तिच्यावर शेगडीची राख ओतलीस, वीस हिवाळे,
राख म्हणजे खतच की, म्हणत.
लाकडाची असते रे. कोळशाची नाही.
पावसात चिखल, उन्हात वीट,
कुदळ मारली की खणकन आवाज,
गांडूळ औषधालाही नाही.

तुझी कबुतरं विकणार होते. राहिली.
त्यांची शीट जहाल, कच्ची घातली तर रोप करपतं,
म्हणून लिंडनच्या पानांत कालवून वर्षभर मुरवली.
पानं चर्चच्या रस्त्यावरची, पोत्यानं आणली;
झाडूवाला आधी हसला, मग स्वतःच पोती भरून ठेवू लागला.
बटाट्याच्या साली, कॉफीचा चोथा,
तुझ्या युनियनची गठ्ठ्यानं साठलेली पत्रकं,
ती एकदाची कुणीतरी पचवली.

खणणं सोडलं. ते सगळ्यात जड गेलं.
हात शिवशिवायचे.
गिझेला म्हणाली, खाली घरं बांधतायत ते,
रोज त्यांचं छप्पर काय उचकटतेस?
सप्टेंबरात राई पेरली, माती उघडी ठेवली नाही;
बर्फ हटवून बघितलं जानेवारीत,
हिरवी होती, चिडल्यासारखी ताठ.

राखेच्या कोपऱ्यात मात्र खायचं काही लावत नाही.
तिथे ॲस्टर आहेत. ते तुझे.

दुसऱ्या वर्षीची चड्डी चाळणी होऊन निघाली.
मी ती खिडकीत धरली, उजेड आला आरपार,
आणि उगाचच कुणालातरी दाखवावीशी वाटली.

काल तिसरी काढली.
काडी होती तिथेच, पण चड्डी सापडेना.
हाताला माती आली, काळी, रवाळ,
मुठीत दाबली तर लाडवासारखी वळली,
टिचकी मारली तर विस्कटली.
तिच्यात लाल, लांबलचक, लाजत मागे सरणारं एक गांडूळ.
मग सापडलं ते:
कमरेचं इलॅस्टिक, गोल, कुणाच्याच कमरेभोवती नसलेलं,
आणि धुण्याच्या सूचनांची चिंधी,
चाळीस अंश, ब्लीच नको.

गिझेला कुंपणापलीकडून ओरडली, जिंकलीस!
मीही हसले. गुडघ्यावरच होते,
उठायला थोडा वेळ लागला.
एवढं तरी हवं होतं मला?
हो, हवंच होतं.
तीन वर्षं याचसाठी तर राबले मी,
तुझं काही उरू नये एवढी माती चांगली व्हावी म्हणून.
असं कुणी आधी सांगितलं असतं तर.

इलॅस्टिक नळाखाली धरलं, झटकलं.
पलीकडे टोमॅटोची एक फांदी
फळांच्या भारानं काठीपासून सुटली होती.
तिला बांधून टाकलं त्यानं, दोन वेढे देऊन.

ताणतं अजून.